प्रतीक्षेचे दिवसही आयुष्यातच मोजले जातात



आपल्या घराघरांत एक वाक्य वारंवार ऐकू येते : "एवढे एक काम मार्गी लागू दे, मग बघू." भरतीचा निकाल लागला की मग नमाजची पाबंदी सुरू होणार असते. व्हिसा आला की मग उधारी फेडली जाणार असते. मुलीचे लग्न ठरले की मग तिच्या शिक्षणाचा विचार होणार असतो. हजसाठी नंबर लागला की मग कुरआनची तिलावत दुरुस्त केली जाणार असते. या 'मग'च्या भरवशावर महिने जातात, कधी कधी वर्षेही जातात. माणूस जिवंत असतो, खातो-पितो, उठतो-बसतो. पण आपले खरे आयुष्य अजून सुरू व्हायचे आहे, अशा समजुतीत तो वावरत असतो.

या समजुतीची दीनच्या कसोटीवर पारख करणे, हा आजच्या पाठाचा विषय आहे. तिर्मिजी शरीफमधील एका हदीसचा आशय असा की, कियामतच्या दिवशी काही प्रश्नांची उत्तरे दिल्याखेरीज माणसाचे पाय जागचे हलणार नाहीत. आयुष्य कशात घालवले, हा त्यांतला पहिला प्रश्न आहे. आणि तारुण्याविषयी पुन्हा स्वतंत्रपणे विचारणा आहे. त्या हिशेबात प्रतीक्षेत गेलेल्या दिवसांना कोठेही सूट दिलेली नाही. निकालाची वाट पाहण्यात गेलेले वर्ष हे आयुष्यातलेच वर्ष आहे, आणि बहुधा तारुण्यातलेही.

थांबणे आणि रिकामे असणे

इगतपुरी परिसरातील वाचकांना थांबणे म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. 1865 पासून थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसारा घाटातून, रेल्वे धावते आहे. दर 37 फुटांना 1 फूट असा तिचा चढ आहे. कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाडीला मागून जोर देण्यासाठी बँकर इंजिने लागतात आणि ती इगतपुरीत सुटी केली जातात. मुंबईकडे उतरणारी गाडी घाटात शिरण्यापूर्वी येथे थांबते आणि तिचे ब्रेक तपासले जातात. डब्यात बसलेला प्रवासी घड्याळाकडे पाहून म्हणतो, गाडी उगाच थांबली आहे. रुळांवर उतरलेल्या कर्मचाऱ्याला ठाऊक असते की, पुढचा सारा उतार या काही मिनिटांच्या कामावर अवलंबून आहे. थांबा एकच, परंतु एकाच्या लेखी तो वाया गेलेला वेळ आणि दुसऱ्याच्या लेखी प्रवासाचाच आवश्यक भाग.

आपल्या तालुक्यातील भातशेतीही हाच धडा देते. राबावर बियाणे पेरल्यानंतर रोप लावणीजोगे होण्यास तीन-चार आठवडे लागतात. रोप ओढून लांब करता येत नाही. पण त्या आठवड्यांत कोणता शेतकरी ओसरीवर हात बांधून बसतो? तो फुटलेले बांध घालतो, पाण्याच्या वाटा मोकळ्या करतो, खाचरात चिखलणी करतो. रोप वाढवणे अल्लाह तआलाच्या हाती आहे. खाचर तयार ठेवणे शेतकऱ्याच्या हाती आहे. रोप तयार झाले आणि खाचर तयार नसेल, तर आवणी लांबते, रोप जून होते, त्याला फुटवे कमी येतात. मग दोष पावसाला देता येत नाही.

सब्र म्हणजे काय?

आपल्या बोलण्यात 'सब्र कर' याचा अर्थ 'गप्प बस' असा होऊन बसला आहे. अरबी भाषेत या शब्दाच्या मुळाशी रोखून धरणे, बांधून ठेवणे हा अर्थ आहे. म्हणूनच उलमांनी सब्रचे तीन प्रकार सांगितले : अल्लाहच्या आज्ञापालनावर टिकून राहणे, गुनाहपासून स्वतःला रोखणे, आणि संकटात तक्रारीपासून मन आवरणे. या तिन्हींमध्ये माणूस काहीतरी करत असतो. हात-पाय गाळून बसणे यांपैकी एकाही प्रकारात बसत नाही.

सूरह अश-शर्हमध्ये अडचणीसोबत सोय असल्याचा दिलासा दोनदा दिला आहे. त्यानंतर लगेच प्रेषितांना (सल्ल.) आज्ञा आहे की, एका कामातून मोकळे झाल्यावर पुन्हा परिश्रमास लागावे आणि ओढ आपल्या रबकडे ठेवावी. दिलासा आणि परिश्रम यांची ही जवळीक लक्षात घेण्याजोगी आहे. बुखारी शरीफच्या हदीसनुसार आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांबाबत पुष्कळ लोक तोट्यात राहतात. प्रतीक्षेच्या काळात बहुधा या दोन्ही देणग्या आपल्या हाती असतात. तोटाही तेव्हाच सर्वाधिक होतो.

हिजरतीपूर्वीचे चार महिने

प्रतीक्षा कशी करावी, याचे फार स्पष्ट चित्र हिजरतीच्या आधीच्या मक्केत दिसते. मुसलमानांच्या जीवनातील एवढा मोठा बदल दुसरा नव्हता. घर, व्यापार, नातेवाईक, जन्मभूमी, सारे सोडायचे होते. आणि दिवस कोणता, हे कोणालाच माहीत नव्हते.

हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेली व बुखारी शरीफमध्ये आलेली हकिकत अशी आहे. हजरत अबू बकर (रजि.) मदीनेस निघण्याच्या तयारीत होते. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना थांबण्यास सांगितले, कारण आपल्यालाही अनुमती मिळेल अशी त्यांना आशा होती. अबू बकर (रजि.) थांबले. मात्र थांबताच त्यांनी आपल्या दोन उंटिणी चरायला सोडण्याऐवजी घरी बांधल्या आणि चार महिने त्यांना समुरच्या झाडाचा पाला खाऊ घातला. लांबच्या सफरीसाठी जनावर दमदार हवे होते. एका दुपारी, कोणी कोणाकडे जात नाही अशा वेळी, प्रेषित (सल्ल.) त्यांच्या घरी आले आणि अनुमती मिळाल्याचे सांगितले. उंटिणी तयार होत्या. वाटाड्याही ठरला आणि तीन रात्रींनंतर सौरच्या गुहेपाशी उंटिणी घेऊन येण्याचे त्याच्याशी नक्की झाले.

वाचकहो, त्या चार महिन्यांतील कोणताही एक दिवस डोळ्यांपुढे आणा. पाला आणणे, तो जनावरांपुढे टाकणे, पाणी दाखवणे. यात दिसायला काय मोठे आहे? शेजाऱ्याने पाहिले असते तर त्याला जनावरांची देखभाल एवढेच दिसले असते. पण हिजरतीची अनुमती एका क्षणात आली आणि त्या क्षणाच्या उपयोगी पडले ते या सामान्य दिवसांचे काम.

त्याच काळात इतरांनी काय केले, तेही पाहा. अकबाच्या पहिल्या प्रतिज्ञेनंतर हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) यांना मदीनेस पाठवण्यात आले. तेथे त्यांनी लोकांना कुरआन शिकवला. प्रेषित (सल्ल.) मदीनेत पोहोचले तेव्हा तेथे ईमानवंतांची घरे आधीच उभी होती. आणि हिजरतीच्या वेळी मक्केतील लोकांच्या ठेवी ज्यांच्या त्यांना परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) मागे थांबले. ज्या शहराने छळले, त्या शहरातील लोकांची अमानतही थकवायची नाही. नव्या आयुष्याकडे निघताना जुन्या आयुष्याचा हिशेब पुरा करायचा, हा नियम येथे घालून दिला गेला.

तुरुंगातील हजरत यूसुफ (अलै.)

मुदत ठाऊक नसलेल्या प्रतीक्षेचे उदाहरण पाहायचे तर सूरह यूसुफ उघडावी. हजरत यूसुफ (अलै.) निरपराध असून तुरुंगात होते. दोन सहकैदी स्वप्नाचा अर्थ विचारण्यास त्यांच्याकडे आले, ते का? कुरआननुसार त्यांनीच कारण सांगितले : तुम्ही आम्हाला सदाचारी दिसता. म्हणजे तुरुंगातही त्यांचे वागणे असे होते की, सोबतच्या कैद्यांना ते दिसून आले. अर्थ सांगण्यापूर्वी यूसुफ (अलै.) यांनी त्यांना तौहीदचा संदेश दिला. सुटल्यावर दावत देऊ, असे त्यांनी म्हटले नाही.

सुटणाऱ्या कैद्याजवळ त्यांनी आपला विषय मालकाच्या कानी घालण्याचा निरोप दिला. यावरून उलमांनी असे म्हटले आहे की, योग्य मार्गाने प्रयत्न करणे, अर्ज करणे, कोणाकडे शब्द टाकण्यास सांगणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. तो कैदी विसरला आणि आणखी काही वर्षे गेली. पुढे राजाच्या स्वप्नाचा अर्थ विचारण्यास तोच मनुष्य परत आला, तेव्हा यूसुफ (अलै.) यांनी ना त्याला विसरल्याबद्दल बोल लावला, ना आधी सुटकेची अट घातली. त्यांनी अर्थ सांगितला आणि दुष्काळाआधी धान्य कणसांतच राखून ठेवण्याची योजनाही सांगितली. राजाचे बोलावणे आले तेव्हाही ते धावत निघाले नाहीत. आधी आपल्यावरील आरोपाची चौकशी व्हावी, असा त्यांनी आग्रह धरला. ज्याने प्रतीक्षेत स्वतःला सांभाळले, तो दार उघडताच तोल जाऊ देत नाही.

शरीअतने ठरवून दिलेली प्रतीक्षा

एक प्रतीक्षा अशी आहे जी शरीअतने स्वतःच नेमून दिली आहे, ती म्हणजे इद्दत. पती वारल्यास चार महिने दहा दिवस, गर्भवती असल्यास प्रसूतीपर्यंत. स्त्रीच्या आयुष्यातील फार मोठ्या बदलाचा हा काळ. आपल्या समाजात काही ठिकाणी या काळात तिला कोपऱ्यात बसवून जणू जगातून वजा केले जाते.

सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्या मावशीची हकिकत आहे. त्यांचा तलाक झाला होता. इद्दतीत असताना त्या आपल्या खजुरीच्या झाडांची फळे उतरवण्यास निघाल्या, तेव्हा एका माणसाने त्यांना रागावून अडवले. त्यांनी प्रेषितांकडे (सल्ल.) येऊन विचारले. त्यांना फळे उतरवण्याची परवानगी मिळाली, आणि त्यातून त्या सदका करतील किंवा एखादे भले काम करतील, अशी आशाही प्रेषितांनी (सल्ल.) व्यक्त केली. इद्दतीत बाहेर पडण्याच्या तपशिलात फिकहच्या इमामांमध्ये मतभेद आहेत. म्हणून प्रत्यक्ष प्रसंगी आपल्या मुफ्ती साहेबांना मसला विचारावा. परंतु हदीसचा रोख लपत नाही. प्रतीक्षेतील स्त्रीकडेही अशी व्यक्ती म्हणून पाहिले गेले, जिच्या हातून अजून लोकांचे भले होऊ शकते.

हजची प्रतीक्षा

अलीकडच्या काळात आपण सर्वांनी पाहिलेला प्रसंग हजचा आहे. 2020 साली कोरोनाच्या साथीमुळे परदेशातून हाजी येऊ शकले नाहीत. भारतातील 2 लाखांहून अधिक अर्जदारांचे पैसे परत करण्याचा निर्णय झाला. 2021 सालीही तेच घडले. 2022 मध्ये मार्ग खुला झाला, तो 65 वर्षांखालील यात्रेकरूंसाठी. ज्यांनी दोन वर्षे वाट पाहिली आणि त्या दोन वर्षांतच ज्यांनी ही वयाची रेषा ओलांडली, त्यांच्या मनावर काय गुजरले असेल, याची कल्पना करा. 2023 मध्ये ती अट उठली. तोवर कित्येकांची शरीरे थकली होती, आणि कित्येक या जगातून गेले होते.

त्यांची प्रतीक्षा व्यर्थ गेली का? हदीस सांगते की, नेकीचा पक्का इरादा केला आणि ती करता आली नाही, तरी अल्लाहपाशी एक पूर्ण नेकी लिहिली जाते. तबूकच्या मोहिमेत प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले होते की, मदीनेत मागे राहिलेले काही लोक प्रत्येक दरीत, प्रत्येक वाटेत आपल्या सोबत आहेत, सबळ कारणाने ते अडकले आहेत. तेव्हा खऱ्या नियतने थांबलेला मनुष्य अजर्पासून वंचित नाही.

पण खऱ्या नियतची ओळख तयारीवरून पटते. हज हाऊसची सोडत आपल्या हाती नाही. पुढील गोष्टी मात्र आहेत. हजचे अर्कान आणि मसले आजपासून शिकावेत. रोज थोडे चालावे, कारण मिना, अरफात आणि तवाफ यांत पायांची परीक्षा असते. लोकांची देणी द्यावीत. ज्यांचे मन दुखावले त्यांची माफी मागावी. ज्याच्यावर हज फर्ज झाला आहे त्याने आलिमांना विचारून आपली वसीयत लिहून ठेवावी. वसीयत करण्याजोगे काही असताना ती न लिहिता दोन रात्रीही काढू नयेत, अशी हदीसची शिकवण आहे. ही सारी कामे करून बसलेला मनुष्य, नंबर लागो वा न लागो, हजच्या वाटेवर चालू लागलेला आहे.

आपल्या घरांतील प्रतीक्षा

आता आपण आपल्या घरांकडे वळू. येथे प्रतीक्षेच्या नावाखाली फार मोठे नुकसान होते, आणि ते बहुधा दुसऱ्याचे होते.

पहिली प्रतीक्षा तरुणाची. पोलीस भरती, रेल्वे भरती किंवा आखाती देशातील नोकरी. प्रयत्न अवश्य करावा. परंतु नोकरी लागेपर्यंत वडिलांच्या कमाईवर बसून, संध्याकाळ चौकात आणि रात्र मोबाइलवर घालवणे ही तयारी नव्हे. जंगलातून लाकडाची मोळी आणून विकणे हे लोकांपुढे हात पसरण्याहून उत्तम, असे प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले. म्हणून अभ्यासाचे तास ठरवावेत आणि उरलेल्या वेळात वायरिंग, प्लंबिंग, गाडी दुरुस्ती, शिवणकाम, शिकवण्या, जे जमेल ते हाती घ्यावे. भरतीची वयोमर्यादा सरली तरी हातातील हुन्नर सरत नाही.

दुसरी प्रतीक्षा मुलीची. "कधीही चांगले स्थळ येईल" एवढ्या कारणावरून बारावीनंतर मुलीचे कॉलेज बंद केले जाते. स्थळ एका वर्षात येते, कधी पाच वर्षांत येते. दरम्यान ती घरात पाहुण्यांसाठी चहाचा ट्रे घेऊन उभी असते, आणि प्रत्येक नकारानंतर तिची स्वतःच्या नजरेतील किंमत उतरत जाते. आई-वडिलांनो, निकाह सुन्नत आहे; पण निकाहपूर्वीची वर्षे ही कोणाची तरी वाट पाहत रिकामी ठेवण्याची जागा नाही. तिला शिकू द्या. दीनचे इल्म, तरजुम्यासह कुरआन, तिच्या आवडीचे एखादे शास्त्र किंवा कौशल्य, हे सारे ती सासरी घेऊन जाईल आणि पुढच्या पिढीला देईल. शिक्षणामुळे स्थळ हुकते या भीतीपोटी दिलेली वर्षे कोणीही परत आणू शकणार नाही.

तिसरी प्रतीक्षा मालमत्तेची. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. जेथे महामार्ग येतो तेथे जमिनीला गिऱ्हाईक येते, आणि 'भाव आणखी वाढू दे, मग वाटणी करू' हे वाक्यही येते. वडील जाऊन वर्षे झाली, बहीण आपल्या हिश्शाची वाट पाहते आहे, भाऊ भावाची वाट पाहतो आहे. सूरह अन-निसामध्ये वारसांचे हिस्से ठरवून देताना अल्लाह तआलाने बाजारभावाची अट घातलेली नाही. आज जमीन विकायची नसेल तर बहिणीचे नाव सातबाऱ्यावर लावावे, तिचा हिस्सा लेखी ठरवावा, पिकाचे उत्पन्न तिला द्यावे. दुसऱ्याचा हक्क अडवून केलेल्या प्रतीक्षेला सब्र म्हणत नाहीत. तो जुल्म आहे.

आजपासून काय करावे?

प्रत्येक वाचकाने एका कागदावर दोन रकाने करावेत. एका रकान्यात आपण ज्याची वाट पाहतो ती गोष्ट आणि त्यातील जे आपल्या हाती नाही ते लिहावे. ते दुआच्या हवाली करावे आणि प्रत्येक नमाजनंतर मागावे. दुसऱ्या रकान्यात जे आपल्या हाती आहे ते लिहावे : एखादे देणे, एखादी माफी, एखादे कौशल्य, कुरआनचा एखादा पारा. त्यातील एकच काम निवडून फज्रनंतरचा अर्धा तास त्याला द्यावा. अल्लाहला सर्वांत प्रिय ते काम जे थोडे असले तरी नित्य असते, हे आपल्याला हदीसनेच सांगितले आहे. दर जुमाला तो कागद पाहावा. पहिल्या रकान्यात काही बदलले नसेल, तरी दुसऱ्या रकान्यातील काही ओळी खोडल्या गेलेल्या दिसतील, इन्शाअल्लाह.

आणि ती गोष्ट आलीच नाही तर?

हा प्रश्न टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काही निकाल विरुद्ध जातात. काही व्हिसा येत नाहीत. काही स्थळे जुळत नाहीत, काही घरांत पाळणा हलत नाही. हजरत झकरिया (अलै.) यांना वृद्धापकाळी हजरत यह्या (अलै.) मिळाले, परंतु प्रत्येक दुआ मागितलेल्या रूपातच मिळेल, असे आपल्याला सांगितलेले नाही. हदीसनुसार दुआ कधी या जगात दिली जाते, कधी आखिरतसाठी राखून ठेवली जाते, कधी तिच्या बदल्यात एखादे संकट टाळले जाते.

ज्याने सारे आयुष्य त्या एका बातमीवर टांगून ठेवले, त्याच्याकडे ती बातमी न आल्यास काहीच उरत नाही. ज्याने वाट पाहता पाहता कर्ज फेडले, आई-वडिलांची सेवा केली, एक हुन्नर शिकला, शेजारच्या चार मुलांना कायदा पढवला, त्याच्याजवळ बातमी न येताही भरलेले आयुष्य उरते. कियामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल तर ते लावता आल्यास लावून टाकावे, अशी शिकवण देणारी हदीस मुस्नद अहमदमध्ये आहे. त्या रोपाचे फळ कोण खाणार, सावलीत कोण बसणार? तरीही लावण्याची आज्ञा आहे. फळ येणे आपल्याकडे सोपवलेलेच नाही. आपल्याकडे सोपवला आहे तो आजचा दिवस आणि हातातले रोप.

हे अल्लाह, ज्या गोष्टींची आम्ही वाट पाहत आहोत त्यांत आमच्यासाठी भलाई असेल तर त्या आम्हाला सुलभ कर, आणि भलाई नसेल तर त्यांची ओढ आमच्या मनातून काढून घे. प्रतीक्षेच्या दिवसांत आमच्याकडून कोणाचा हक्क बुडू देऊ नकोस, आणि त्या दिवसांचा हिशेब आमच्यावर सोपा कर. आमीन.